दोरीवर बसलेली रुई

आप्पा, आज सकाळी कापसाचं जिनिंग चालू करायच्या आधी मी दोरी पुसली. ओलं फडकं घेऊन, शिडी सरकवत सरकवत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तुमची ती लाल दोरी. ओढली की मेन स्विच पडतो आणि सगळी मशीनं जागच्या जागी गप होतात, ती. दोन हात पुसली नाही तोच फडकं पांढरं झालं. गेल्या सीझनची सगळी रुई बसली होती तिच्यावर. ती रुई तुम्ही मला एकदा बोट करून दाखवली होती, आणि मी हसलो होतो.

पेपरात तुमचा फोटो आला होता. खाली गाव, शिक्षण, सुपरवायझर म्हणून किती वर्षं, मागे कोण कोण. ते सगळं लोकांना माहीत झालं, मी परत कशाला सांगू? मला तुमच्याशी बोलायचंय. तोंड नाही बोलायला, पण बोलल्याशिवाय राहवत पण नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "रमण, पहिले पानी पी, मंग भांड." आणि मी पाणी न पिताच भांडलो असतो.

आपली पहिली भांडणं आठवतात का? तुम्ही नवीन आला होतात. आधीचा सुपरवायझर डोंगरातून आलेल्या बायांशी बोलायचाच नाही. मुकादमाला सांगायचा, मुकादम त्यांच्यावर खेकसायचा, काम चालायचं. तुम्ही आलात आणि सीझनच्या तोंडावर स्वतः जीपमध्ये लोंबकळत मोलगीच्या बाजाराला गेलात. तिथून पायी त्यांच्या पाड्यांवर. परत आलात तेव्हा बुटांची पार वाट लागलेली, आणि त्यांच्या बोलीतले चार शब्द शिकून आला होतात. ते पण चुकीचे बोलायचात. बाया ओढणीत तोंड घालून हसायच्या. मला राग यायचा. म्हटलं, हा काय साहेब आहे का सोंगाड्या!

रोज जेवणाच्या सुट्टीत तुम्ही त्यांच्यात जाऊन बसायचात, भाकरीवर मिरचीचा ठेचा घेऊन, नाका-डोळ्यांतून पाणी गळत. आणि विचारायचात, "इथं तुम्हाला भीती कशाची वाटते?" कोणी बोलायचं नाही. तुम्ही परत दुसऱ्या दिवशी विचारायचात. मी मशीनच्या आडून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, पुरे करा आप्पा, यांना कसली भीती? शेवटी एकदा गुलीबाई बोलली. सगळ्या बायांत तीच जुनी, तिचंच बाकीच्या ऐकायच्या. ती म्हणाली, मागच्या संडासाला दार नाही आणि दिवा नाही, गवतात साप असतो, म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. बस, एवढंच.

तुम्ही सरळ माझ्याकडे आलात. "रमण, मशीन नंतर दखू. पहिले संडासले दार लाव."

"आप्पा, मी फिटर शे, सुतार नही."

"माले माहीत शे. पन जी बाई दारनं सांगाले लाजस, ती मशीननं काय सांगी?"

दार लावलं मी, आदळआपट करत लावलं. दिवाही टांगला. आणि खरं सांगतो, त्यानंतर आठवडाभरात एक बाई आपणहून तुमच्याकडे आली आणि म्हणाली, त्या कोपऱ्यातल्या मशीनचा पाट पायाखाली हलतो. त्या पाटावर मी रोज उभा राहायचो. मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हाही मला वाटलं, पाट हलतो हे मला न सांगता तुम्हाला का सांगितलं? तुम्ही म्हणालात, "तू विचारं का?" विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं, हे तेव्हा मला कुठे कळत होतं!

मग दोरीची कल्पना काढलीत. ती मात्र मी जीव लावून बसवली. कुठल्याही बाईचा हात पोचेल अशी, सगळ्या मशीनांवरून जाणारी. शेठ कुरकुरले, उगाच कोणी ओढलं तर? तुम्ही म्हणालात, "उगाच ओढली तरी चालेल शेठ. ओढायला पाहिजे तेव्हा ओढली नाही, ते नाही चालणार." आणि सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलंत, दोरी कोणीही ओढावी, कारण लागत नाही, कोणाची मजुरी कापली जाणार नाही, कोणी काही बोलणार नाही. माझ्याकडे बघून शेवटचं वाक्य परत म्हणालात. मी छाती फुगवून मान हलवली. दोरी माझी होती ना.

पहिल्यांदा दोरी ओढली ती गुलीबाईनेच. गेल्या सीझनला, ऐन गर्दीत. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत गाठी बांधायची घाई, आणि खाडकन सगळं बंद. आधी आवाज गेला, मग उडणारी रुई हळूहळू खाली बसायला लागली. मी धावत गेलो. ती म्हणाली, धूर दिसला. जिनिंगमध्ये धूर म्हणजे काय ते सांगायला नको, ठिणगी पडली तर सगळा कापूस भुर्रकन जातो. पण धूर नव्हता. झरोक्यातून ऊन पडलं होतं आणि त्यात धूळ नाचत होती. तुम्ही आलात, वास घेतला, वर बघितलं, हसलात. "धूर नाही. बरं झालं. चला, चालू करा." आणि खिशातून गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवलात. खिशात गूळ ठेवायची सवयच होती तुम्हाला, त्याला मुंग्या लागायच्या आणि घरी आक्का तुमच्यावर ओरडायच्या.

तुम्ही पाठ फिरवलीत आणि मी तोंड उघडलं.

"अगं बाई, उन्हाला घाबरलीस! उद्या स्वतःची सावली दिसली तरी ओढशील का?" सगळे हसले. बायाही हसल्या. माणसं हसली की मला चेव येतो, तुम्हाला माहीतच आहे. मी तिचं नावच पाडलं, दोरीवाली. सकाळी आली की, "आली का दोरीवाली? आज काय दिसणार आहे?" रोज. ती ओढणी कमरेला खोचून कामाला लागायची. मला वाटायचं, गंमत चाललीये. देवाशपथ, मला गंमतच वाटायची.

तुमच्या कानावर आलं असणार. कारण तुम्ही एकदा मला चहाच्या टपरीवर नेऊन म्हणालात, "तुन्हा आवाज मशीनपेक्षा मोठा शे रे. मशीनले निदान बटन तरी शे." मी म्हटलं, मन्हा आवाजच तसा शे, आप्पा, धानोऱ्याचा माणूस हळू बोलतच नाही. तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि विषय सोडून दिलात. का सोडलात? चारचौघांत माझ्या कानाखाली एक द्यायची होती. मला कळलं असतं. तुम्ही माझ्यावरही त्यांच्याइतकाच विश्वास टाकत राहिलात, की आज ना उद्या याला आपणहून कळेल.

सीझन संपत आला तेव्हा मीच तुमच्याकडे आलो होतो, मोठ्या तोऱ्यात. म्हटलं, बघा आप्पा, शिस्त लागली, त्यानंतर एकदाही दोरी ओढली गेली नाही. तुम्ही वर बघितलंत. "दोरीवर रुई बठी गई, रमण. कोनी हातच लावी नही ऱ्हायनं. हाई चांगलं नही." मी हसलो. म्हटलं, तुम्ही पण ना, चांगलं झालं तरी तुम्हाला वाईटच दिसतं. आपलं ते बोलणं तिथेच राहिलं.

आणि दुसरं राहिलेलं भांडण जाळीचं. दरवर्षी खंडेनवमीला मी मोठ्या पुलीवरची, म्हणजे पट्ट्याच्या चाकावरची जाळी काढायचो. पूजा चाकाची करायची तर कुंकू चाकाला लागायला पाहिजे, वरच्या जाळीला लावून काय उपयोग? माझ्या आधीच्या फिटरने तेच केलं, त्याच्या आधीच्यानेही. जाळीचे बोल्ट काढायचे, चाकाला हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, आणि मग सगळे पाने धुऊन पाटावर पूजेला मांडायचे. एकदा पूजेला बसलेला पाना दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी उचलत नाही. तुम्हाला ते पटायचं नाही. दरवर्षी म्हणायचात, "पूजा जाळीवर कर ना भो."

"आप्पा, देव जाळीमा शे का चाकमा?"

"चाकमा शे. पन देवले जाळीमाईन बी दिसस."

असं बोललात की मी आवाज चढवायचो. आणि तुम्ही माघार घ्यायचात, कारण लोकांच्या देवाला हात लावून त्यांचा विश्वास मिळत नाही असं तुमचं म्हणणं. फक्त एक अट घालायचात, सकायले पहिलं काम जाळी. मी हो म्हणायचो, आणि दरवर्षी पहिलं काम जाळीच करायचो. या वर्षापर्यंत.

या वर्षी दसऱ्याला पूजा सांगणाऱ्या गुरुजींना उशीर झाला. तोवर सीझनची पहिली गाडी फाटकात येऊन उभी. शेठ घड्याळ बघत होते, मुहूर्त टळेल, मुहूर्त टळेल. पाने पाटावर, फुलांखाली, त्यांना हात कोण लावणार? मीच म्हटलं, होऊन जाऊ द्या मुहूर्त, बटण दाबायला पाना थोडाच लागतो! जाळी दुपारी बसवतो. तुम्ही तेव्हा बाहेर वजनकाट्यावर होतात, गाडीवाल्याला चहा देत. तुम्हाला विचारायला कोणी गेलं नाही, मी तर नाहीच नाही. बटण दाबलं. नारळ फुटला. झेंडूची माळ घेऊन चाक फिरायला लागलं, पाकळ्या उडाल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर शेठनी तुमच्या खांद्यावर मानाचं उपरणं घातलं, फोटो काढला. बायांना रोज ओढणी खोचायला सांगणारे तुम्ही, ते उपरणं लगेच काढून ठेवलं असतंत. पण तेवढ्यात मी हाक मारली. पहिली रुई पडली होती, पांढरीशुभ्र. सीझनची पहिली मूठ तुमच्या हातात द्यायची असं मी ठरवलं होतं. माझ्या त्याच मोठ्या आवाजात ओरडलो, "आप्पा, या लवकर!" आणि तुम्ही हसत, लगबगीने, भिंत आणि पुली यांच्यामधल्या रोजच्या वाटेने आलात. तिथून अंग चोरून जायची आपल्या सगळ्यांना सवय. जाळी असतेच ना तिथे. ती मी बसवलेली असते.

उपरण्याचं टोक चाकात गेलं, पुढचं मी लिहीत नाही. धुळ्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ती रुईची मूठ कितीतरी वेळ माझ्या हातात तशीच होती.

चौकशीला साहेब लोक आले. शेठ म्हणाले, आमच्या माणसाने उपरणं काढायला पाहिजे होतं. तेव्हा मी पुढे होऊन सांगितलं, जाळी मी काढली होती, आणि ती न बसवता मशीन मीच चालू करायला लावलं. शेठनी माझ्याकडे डोळे वटारले. तेवढं बोललो, आप्पा. आणि घरी येऊन मला बरं पण वाटलं. म्हटलं, चूक झाली ती कबूल केली, आता जे व्हायचं ते होवो. किती स्वस्तात सुटायला निघालो होतो बघा.

तुमच्या दहाव्याला डोंगरातल्या बाया आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. मांडवाबाहेर लिंबाखाली बसून राहिल्या, आत या म्हटलं तरी येईनात. मी पाणी घेऊन गेलो. गुलीबाईने पेला घेतला, खाली ठेवला, आणि म्हणाली, "मी पाहिलं होतं. जाळी नव्हती."

मला आधी कळेचना. म्हटलं, "कधी पाहिलंस?"

"मशीन चालू झालं तेव्हा. मी तिथंच होती. दोरी माझ्या डोक्यावर."

"मग ओढली का नाहीस?" आवाज चढला माझा. तिथेही चढला, दहाव्याच्या मांडवात.

ती म्हणाली. रागाने नाही, सांगायचं ते सांगून टाकावं तसं. "शेठ होता, पाहुणे होते. तू सगळ्यांना हसवला असता. आप्पा असता तर ओढली असती. आप्पा काट्यावर होता."

आप्पा, त्या लिंबाखाली जमीन फाटली असती तर मी बरं म्हटलं असतं. मी समजत होतो, एका दिवसाची चूक, एका जाळीची. तुम्ही किती वर्षं त्या बायांच्या मागे लागून, ठेचा खाऊन, चुकीचे शब्द बोलून एक गोष्ट मिळवली होतीत, ती मी रोज सकाळी थट्टा करकरून मोडून टाकली होती. आणि वर तुम्हालाच सांगत होतो, शिस्त लागली. लाज वाटते म्हणणं फार थोडं आहे. जेवताना घास हातात थांबतो. बायको विचारते काय झालं, तिलाही अजून सांगितलेलं नाही.

त्याच दिवशी आक्कांनी मला आत बोलावलं. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "रमणभाऊ, ती दोरी काढी टाकतीन का आते?" मी म्हटलं, कोण काढेल? पण त्यांचं बरोबर होतं. शेठ आठवड्यातच म्हणाले, दोरी असून काय उपयोग झाला, मशीनं परत चालू करायची आहेत, काढून टाक ती. आणि सीझनमध्ये दुसरा माणूस कुठे शोधू, तूच सांभाळ आप्पांचं काम. मला, आप्पा. तुमच्या खुर्चीवर. नको म्हणणार होतो. पण मी नको म्हटलं असतं तर दोरी गेली असती. म्हणून म्हटलं, दोरी राहणार असेल तर करतो. शेठ म्हणाले, राहू दे, पण उगाच ओढून काम थांबवलं तर दोरीही जाईल आणि तूही.

तर आज जिनिंग सुरू झालं. जाळी बसवलेली, बोल्ट दोनदा आवळलेले. सकाळी बायांना एकत्र बसवून मी बोललो. तुमच्यासारखं बोलायला गेलो आणि फजिती झाली. म्हटलं, दोरी कोणीही ओढा, कारण लागत नाही, मी काही बोलणार नाही. मी म्हटलं, माझं चुकलं, मी तुम्हाला हसलो, परत हसणार नाही. एकीने जांभई दिली. गुलीबाई उठली, ओढणी खोचली आणि कामाला गेली. बाकीच्याही गेल्या.

दुपारच्या आधी सगळं खाडकन बंद पडलं.

मी धावलो. गुलीबाईचा हात दोरीवर. मी जाळी बघितली, पट्टा बघितला, वाकून खाली बघितलं, वास घेतला. काही नाही. सगळं ठाकठीक. बाहेर गाड्यांचे भोंगे वाजायला लागले, वर गॅलरीत शेठ येऊन उभे राहिले. "काय दिसलं, बाई?"

"काही नाही."

"काही नाही?"

"काही नाही दिसलं."

आणि ती मशीनकडे बघत नव्हती, आप्पा. माझ्या तोंडाकडे बघत होती. सगळ्याच बघत होत्या.

खोटं सांगणार नाही तुम्हाला. शब्द आला होता जिभेवर. दोरीवाली. इतकं सगळं झाल्यावर, तुम्ही गेल्यावर, तिच्या तोंडून सगळं ऐकल्यावरही तोच शब्द सरळ जिभेवर येऊन बसला, जुन्या सवयीने. मी गिळला. म्हटलं, "बरं झालं. चला, चालू करा." आवाज हळू निघाला माझा, आयुष्यात पहिल्यांदा. खिशात हात घातला. सकाळी गुळाचा खडा टाकून ठेवला होता, त्याला सगळी रुई चिकटलेली. तसाच तिच्या हातावर ठेवला.

तिने खाल्ला नाही. ओढणीच्या टोकाला बांधला आणि कामाला लागली. मग मी गॅलरीकडे मान वर करून ओरडलो, "शेठ, मी सांगितलं होतं ओढायला! दोरी चालते का बघत होतो!" ते काहीतरी पुटपुटत आत गेले. गुलीबाई तेव्हा थोडी हसली असं मला वाटलं. नक्की सांगता येत नाही, रुई उडत होती.

तो शब्द माझ्या तोंडावर आलेला तिने बघितला असेल का? हेच दुपारपासून मनात घोळतंय. बघितला असेल तर तिचं काही चुकलेलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तुम्हीही कधी सांगितलं नव्हतंत. तुम्ही फक्त संडासाला दार लावून घेतलंत आणि वाट बघितलीत.

आप्पा, आज दोरी मी पुसली, पण उद्यापासून पुसणार नाही. रोज रुई उडेल आणि तिच्यावर बसेल. त्यांचे हात लागत राहिले तर ती आपोआप झडेल. नाही लागले, तर रोज सकाळी ती पांढरी दोरी मला दिसेल, आणि ती मला बघायलाच पाहिजे.